कपाटात पडून असणाऱ्या टॉर्चमध्ये एनेलूप सेल घालावेत का?

2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर सांगलीत कृष्णाकाठच्या अनेक घरांत टॉर्च आणि छोटा रेडिओ कायम हाताशी ठेवला जातो. ही उपकरणे वर्षाचा बहुतेक काळ कपाटात असतात आणि त्याच काळात आतले सेल पाझरून स्प्रिंगा व पत्र्या खाऊन टाकतात. हे नुकसान टळावे म्हणून पॅनासॉनिकचे एनेलूप हे रिचार्जेबल पेन्सिल सेल आम्ही टॉर्चमध्ये आणि आईच्या रक्तदाब मोजण्याच्या यंत्रात वापरत आहोत. त्या वापरावरून बनलेले मत येथे मांडत आहे.

किराणा दुकानात मिळणाऱ्या स्वस्त सेलमध्ये जस्ताची डबी हीच ऋण बाजू असते. सेल वापरला जातो तशी ती डबी आतून झिजते आणि अखेर तिला भोके पडून आतला ओलावा बाहेर येतो. महाग अल्कलाइन सेलची बांधणी वेगळी असली तरी तोही निर्धोक नाही, कारण तो पूर्ण उतरल्यावर आत हायड्रोजन वायू साठतो, दाबाने झाकण सुटते आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड हा दाहक क्षार बाहेर पडतो. रक्तदाब यंत्रासारखी उपकरणे बंद असतानाही थोडी वीज ओढत राहतात, त्यामुळे न वापरताही सेल हळूहळू त्या अवस्थेला पोहोचतो.

आईच्या यंत्रात असेच घडले होते. आतले चारही सेल अल्कलाइन होते आणि ऋण बाजूच्या दोन स्प्रिंगांवर पांढरा, कडेला हिरवट असा खरखरीत थर चढला होता. सेल काढून, कानकोरणीच्या कापसाला व्हिनेगर लावून तो पुसताना बारीक फेस आला. क्षाराचे हवेत कार्बोनेट झालेले असल्याने असा फेस येतोच. नंतर स्पिरिटने पुसून, कोरडे करून यंत्र चालू झाले, पण एका स्प्रिंगेवरचा मुलामा कायमचा गेला. (हे काम हातमोजे घालून करावे, तो पदार्थ कातडीला आणि डोळ्यांना अपायकारक असतो.)

एनेलूप हे निकेल-मेटल हायड्राइड जातीचे सेल असून 2005 मध्ये सान्यो कंपनीने ते प्रथम बाजारात आणले. पूर्वीचे रिचार्जेबल सेल नुसते ठेवले तरी काही महिन्यांत उतरत, म्हणून टॉर्चसाठी ते कुचकामी होते. एनेलूप मात्र दहा वर्षांनीही सुमारे 70 टक्के भार टिकवतात, असा पॅनासॉनिकचा दावा आहे. दहा वर्षांचे मी काही सांगू शकत नाही. पावसाळ्यापूर्वी टॉर्च लावून पाहिला की तो लख्ख पेटतो आणि स्प्रिंगा स्वच्छ दिसतात, एवढे खात्रीने सांगतो. या सेलमध्येही क्षार असतोच, त्यामुळे ते कधीच पाझरणार नाहीत असे नव्हे; पण वापरातच झिजणारी जस्ताची डबी यांत नसल्याने ही शक्यता बरीच कमी होते.

उणिवाही आहेत. साध्या सेलचा दाब 1.5 व्होल्ट, तर यांचा 1.2 व्होल्ट असतो, त्यामुळे रक्तदाब यंत्र सेल संपत आल्याची खूण जरा लवकर दाखवते, जरी पट्टा फुगवताना ते कुठे अडखळत नाही. एका एनेलूपच्या किमतीत डझनभर साधे सेल येतील, शिवाय चार्जर वेगळा घ्यावा लागतो. मारुती रोडवरच्या दुकानांत चौकशी केली तेव्हा ते मिळाले नाहीत. ऑनलाइन मागवावे लागले.

केवळ आणीबाणीच्या टॉर्चसाठी मात्र मी एकदाच वापरायच्या लिथियम पेन्सिल सेलना वरचा क्रमांक देईन. त्यांचा दाब 1.5 व्होल्ट असतो, ते वजनाला हलके असतात आणि काही उत्पादक त्यांचे साठवण-आयुष्य वीस वर्षांपर्यंत सांगतात. एनेलूप शोभतात ते महिन्यातून दोन-चारदा लागणाऱ्या यंत्रांना. भिंतीवरच्या घड्याळात ते घालणे म्हणजे पैसे अडकवून ठेवणे. तिथे साधा सेल दरवर्षी दिवाळीच्या साफसफाईत बदलला की पुरते.

गॅस गीझरला दोन मोठे सेल लागतात आणि एनेलूप पेन्सिल सेल त्या खाचेत थेट बसत नाहीत. तिथे आम्ही अल्कलाइनच ठेवले आहेत, दोन्ही एकाच वेळी बदलतो, आणि उन्हाळ्यात गीझर बंद असतो तेव्हा ते काढून बाहेर ठेवतो.