भांडुपचं सेवा केंद्र: गावचे कागद मुंबईत बसून काढायचे असतील तर

भांडुप पश्चिमेला कोकणनगरकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटंसं सेवा केंद्र आहे, बाहेर झेरॉक्सचा बोर्ड आणि आत तीन माणसं उभी राहिली की चौथ्याला फूटपाथवर थांबावं लागतं. गावच्या जमिनीचे कागद, दाखले, पेन्शनचं हयातीचं काम यातलं काहीही असेल आणि तुम्ही मुलुंड ते घाटकोपरच्या मधे कुठे राहत असाल तर इथेच जा असं मी सरळ सांगेन. इथलं नेट फास्ट आहे म्हणून नाही हां, नेट तर आता भांडुपमधे पानवाल्याकडेही फास्ट आहे. काउंटरवर ज्या ताई बसतात त्या काम नीट समजावून करतात, म्हणून.

गिऱ्हाईक बघाल तर निम्म्याहून जास्त चाकरमानी. संगमेश्वर, चिपळूण, राजापूर, कणकवली, सगळीकडचे. गणपतीला गावाला जाऊन आले की पुढचा महिनाभर हातात प्लास्टिकच्या फायली घेऊन लाइन लागते कारण गावात भावाभावांचं बोलणं झालेलं असतं आणि आता कागद करायचे असतात. लोक अजूनही याला सेतूच म्हणतात, बोर्डवर काही का लिहिलेलं असेना.

सगळ्यात जास्त निघतो तो सातबारा. बऱ्याच जणांना माहीत नसतं म्हणून लिहिते, महाभूलेख या सरकारी साइटवर जो सातबारा फुकट दिसतो तो फक्त बघण्यासाठी असतो, बँकेत किंवा ऑफिसात चालत नाही. चालतो तो डिजिटल सहीचा, १ मे २०१८ पासून ही सोय सुरू झाली, त्याची सरकारी फी १५ रुपये आहे आणि खाली क्यूआर कोड येतो. ताई हे प्रत्येकाला सांगतात, आधी विचारतात कशासाठी हवाय, नुसता बघायचा असेल तर "मग १५ रुपये कशाला घालवताय काका, थांबा मी दाखवते" म्हणून स्क्रीनवर उघडून देतात. अजून एक गोष्ट मला फार आवडली, त्यांनी दुसरा मॉनिटर गिऱ्हाइकाकडे तोंड करून लावलाय. तुमचं नाव, गट नंबर, आधार काय टाइप होतंय ते तुम्हाला दिसतं. नावाचं स्पेलिंग चुकतंय असं कोणी म्हटलं की तिथल्या तिथे दुरुस्त. ज्यांच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव एक, आधारवर दुसरंच आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरं अशी गत आहे त्यांना या एका मॉनिटरची किंमत कळेल.

माझं स्वतःचं काम होतं वारस नोंदीचं. बाबा गेल्यावर गावच्या जमिनीवर आईचं आणि आम्हा भावंडांचं नाव लावायचं होतं. गावात काका आहेत पण त्यांनी फोनवर सांगितलं, "बाय, हितं रेंज न्हाय, सेंटरवाला म्हनतो सर्व्हर डाऊन, तूच बग मुंबयतून काय होतंय ता." मी आधी ऑफिसजवळच्या एका केंद्रात चौकशी केली तर तिथला मुलगा फोनमधून मान वर न करता म्हणाला की हे ऑनलाइन होतच नाही, गावालाच जावं लागेल, नाहीतर माझ्या ओळखीचा माणूस आहे तो करून देईल. म्हणजे एजंट.

भांडुपच्या ताईंनी शांतपणे ई-हक्कचं पान उघडलं. वारस नोंद, बोजा (जमिनीवरच्या कर्जाची नोंद) कमी करणं असे अर्ज तिथून ऑनलाइन करता येतात, तो अर्ज गावच्या तलाठ्याकडे जातो (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय पण बोलताना तलाठीच). मग फेरफार (म्हणजे नावबदलाची नोंद) तयार होतो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस लागते आणि शेवटी मंडळ अधिकारी मंजूर करतात. हे त्यांनी मला एका जुन्या पावतीच्या मागे बाण काढून काढून दाखवलं, पुढे कुठल्या टप्प्यावर काय अडू शकतं तेसुद्धा. मृत्यूचा दाखला स्कॅन करताना कडा कापली गेली होती तर परत स्कॅन केला, म्हणाल्या अर्ज परत येण्याची निम्मी कारणं हीच असतात, अर्धवट स्कॅन, पुसट फोटो, वारसांपैकी एखाद्या बहिणीचं नाव राहिलेलं. बहिणींची नावं घालायची का यावर माझ्या शेजारच्या माणसाने मधेच तोंड घातलं की मुली लग्न होऊन गेल्या, कशाला घालायची, त्यावर ताईंनी इतकं ठाम सांगितलं की कायद्याने वारस आहेत, नाव लागणार, हक्कसोड करायचं असेल तर तो वेगळा कागद आहे आणि तो त्यांच्या मर्जीने. मला तिथेच खात्री पटली की आपण योग्य जागी आलोय.

आणि 'आपली चावडी' मला त्यांच्यामुळेच कळली. पूर्वी फेरफाराची नोटीस गावच्या चावडीवर चिकटवायचे, मुंबईतल्या माणसाला ती कधी दिसायची नाही आणि हरकतीचे दिवस निघून जायचे. आता ती ऑनलाइन दिसते, जिल्हा तालुका गाव निवडा आणि बघा कुठल्या जमिनीवर काय नोंद चाललीय. ज्यांची जमीन गावाला आहे आणि माणसं सगळी मुंबईत आहेत त्यांनी महिन्यातून एकदा तरी ते पान उघडायलाच हवं, पैसे पडत नाहीत.

आता थोडं विषयाबाहेरचं, पण मला ते या रिव्ह्यूचाच भाग वाटतं. हे सगळं काम मुळात माझ्या काकांना गावात बसून करता यायला हवं होतं. त्यांच्यासाठीच तर ही सगळी व्यवस्था उभी केली ना? देशातलं पहिलं आधार कार्ड सप्टेंबर २०१० मधे आपल्याच नंदुरबारच्या टेंभलीत दिलं गेलं, ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना २०११ मधे मंजूर झाली, २०१५ मधे तिचं नाव भारतनेट झालं, अडीच लाख ग्रामपंचायती जोडायच्या होत्या. पण फायबर येतं ग्रामपंचायतीच्या ऑफिसपर्यंत. तिथून पुढे वाडीवर, शाळेत, अंगणवाडीत नेणार कोण, लाइट गेल्यावर बॅटरी कोण बघणार, रस्त्याच्या कामात जेसीबीने वायर तोडली तर किती दिवसात जोडणार, हे प्रश्न बॉक्स भिंतीवर लावून सुटत नाहीत. आधी ही लाइन तालुक्यावरून एका पुढे एक अशी टाकलेली असायची त्यामुळे मधे कुठे तुटली की पुढची सगळी गावं बंद. ऑगस्ट २०२३ मधे सुधारित भारतनेटला १.३९ लाख कोटी मंजूर झाले, त्यात रिंग पद्धत आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहते. हे खरंच नीट झालं तर कोकणासारख्या भागात फार फरक पडेल, पावसात चार महिने कुठे ना कुठे काही ना काही पडतच असतं.

आणि आमच्या भांडुपवरून टेकडीपलीकडे पवईला आयआयटी आहे, तिथल्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघरच्या गावांत टीव्हीसाठी राखलेल्या पण न वापरलेल्या फ्रिक्वेन्सीवरून नेट पोचवून दाखवलं होतं. ती फ्रिक्वेन्सी झाडाझुडपातून वायफायपेक्षा बरी जाते, जिथे खणून वायर नेणं परवडत नाही तिथे मधला टप्पा असा जोडता येतो. म्हणजे उपाय माहीत नाहीत असं नाहीये.

पण नुसतं नेट गेलं तरी पुरणार नाही हे मला ताईंच्या काउंटरवर उभं राहून जास्त कळलं. लाडकी बहीणची ई-केवायसी चालू होती तेव्हा तिथे बायकांची रांग जिन्यापर्यंत होती, त्यात स्वतःच्या आधारचा ओटीपी आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी लागायचा, आता नवरा वारलेला, वडीलही नाहीत, किंवा आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलेला, अशा बायकांनी काय करायचं? ताई प्रत्येकीला वेगळं करून ऐकत होत्या, आधी नंबर अपडेट करायला कुठे जायचं ते लिहून देत होत्या. त्याच दिवसांत आमच्या गावच्या बायका ओटीपी यावा म्हणून सड्यावर (डोंगरावरच्या उघड्या माळावर) जाऊन मोबाइल वर धरून उभ्या होत्या. तिथे असं बसून ऐकणारं कोणीच नव्हतं. गावचं केंद्र चालवणाऱ्या पोराची बाजूही आहे म्हणा, कॉम्प्युटर त्याचा, प्रिंटर त्याचा, वीजबिल त्याचं आणि मिळतं ते दर कामामागे कमिशन. एका म्हाताऱ्याचा अंगठा लागेना म्हणून अर्धा तास घालवला तर त्या अर्ध्या तासाचे त्याला कोणी देत नाही. मला वाटतं त्या वेळेचे पैसे सरकारने द्यायला हवेत, कमिशनच्या वर, ठरावीक मानधन म्हणून. भांडुपला गर्दी आहे म्हणून ताईंचं भागतं, तीनशे उंबऱ्यांच्या गावात कसं भागणार?

अंगठ्यावरून आठवलं. आयुष्यभर भात लावलेल्या, भांडी घासलेल्या हातांवरच्या रेषा मशीनला वाचता येत नाहीत. माझ्या आईचा अंगठा हयातीच्या दाखल्याला लागलाच नाही. इथे सगळी बोटं एकेक करून बघितली, हात ओल्या फडक्याने पुसायला दिला, तरी नाही म्हटल्यावर चेहऱ्यावरून केलं, जीवन प्रमाणला, म्हणजे पेन्शनरांच्या ऑनलाइन हयातीच्या दाखल्याला, २०२१ पासून ती सोय आहे. आईला चष्मा काढून खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि झालं काम. दुसरीकडे हेच "आजींचा अंगठा येत नाही, बँकेत जा" एवढ्यावर संपलं असतं.

ओटीपी त्या कधीच स्वतः मागत नाहीत, कीबोर्ड तुमच्याकडे सरकवतात. आधारची प्रत लागतेच असं नसेल तिथे मास्क्ड आधार काढून देतात ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. रेटचा बोर्ड दारावर आहे आणि स्लिपवर सरकारी फी वेगळी, प्रिंट-स्कॅनचे पैसे वेगळे लिहितात.

तक्रारी आहेत. बसायला एकच बाकडं आणि ते बहुतेक वेळा फायलींनी भरलेलं असतं, चढ चढून आलेल्या म्हाताऱ्या माणसांना उभं राहावं लागतं हे बरोबर नाही, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या बाहेर सहज ठेवता येतील. फोन उचलत नाहीत. दुपारी बंद असतं पण किती ते किती हे बोर्डवर लिहिलेलं नाही. आणि ताई रजेवर असल्या की जो मुलगा बसतो त्याला जमिनीचं फारसं कळत नाही, सातबारा काढून देईल पण ई-हक्क त्याच्याकडून करू नका, ताई आल्यावर जा.

जाताना मृत्यूचा दाखला मूळ न्या, वारसांची पूर्ण नावं पत्ते लिहून न्या, आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा) आधीच काढलेला असेल तर उत्तम, आणि आधारला जोडलेला मोबाइल खिशात हवा, घरी चार्जिंगला नको. अर्ज केल्यावर नंबर असलेली पावती घ्याच, त्या न मागता देतात पण दुसरीकडे कुठे करत असाल तर मागून घ्या. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे, त्यात येणाऱ्या सेवांना मुदत ठरलेली आहे, मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं आणि कारण नसताना उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्या अर्जाची नोटीस आपली चावडीवर लागलीय, काकांना त्याचा फोटो पाठवलाय, आम्हा बहिणींची नावं त्यात आहेत.