चार तुकड्यांचा रॉड, एक स्लिंग बॅग, एकच डबा: काही महिने वापरल्यानंतर

काठावरून गरवणाऱ्याने किती सामान न्यावं, याचं माझं माप आता ठरलं आहे: पाण्याच्या कडेने दोन-तीन तास न थकता चालता येईल इतकंच. एका जागी उभं राहून मासा येत नाही. प्रवाहाची कड, खडकामागचं शांत पाणी, झाडाची सावली अशा जागा हुडकत पुढे जावं लागतं. हातात जड खोका असला की माणूस दुसऱ्या जागेवरच बसकण मारतो. म्हणून हा संच जमवला. सात फुटी, चार तुकड्यांचा मीडियम पॉवरचा (मध्यम ताठ) रॉड, ३००० साइजचं स्पिनिंग रील, एका खांद्यावरची स्लिंग बॅग आणि लुअरचा, म्हणजे नकली आमिषांचा, एकच चपटा डबा. नदी, तलाव, खाडी आणि खडकाळ समुद्रकिनारा या सगळीकडे तो वापरून झाला आहे.

रॉडबद्दल आधी. चार तुकड्यांचा रॉड एकसंध रॉडसारखा वाकत नाही असं पुष्कळ जण सांगतात. माझ्या हाताला चांगल्या कार्बन रॉडमध्ये हा फरक फेकताना जाणवला नाही, मासा ओढतानाही नाही. जाणवतात ते सांधे. सतत फेकत राहिलं की सांधा हळूहळू सैल होतो, आणि अर्धवट बसलेल्या सांध्यावर जोराची फेक पडली तर बाहेरच्या नळीची कडा उभी चिरते. त्यामुळे जागा बदलली की प्रत्येक सांधा हाताने चाचपायचा. जोडताना कड्या (ज्यांतून लाइन जाते त्या) थोड्या तिरक्या धरून तुकडा आत सरकवायचा आणि पीळ देत सरळ रेषेत आणायचा, काढताना उलटा पीळ द्यायचा. सांध्यावर मेणबत्तीचं मेण हलकं चोळलं तर पकड टिकते.

टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा, रॉड बॅगेत मावायला याहून सोयीचा असतो, तरी मी तो निवडला नसता. वाळूचे कण त्याच्या नळ्यांमध्ये शिरतात आणि कड्या फिरून तिरक्या होतात. रॉडसाठी कडक नळी मात्र घ्याच, कापडी पिशवीवर भागवू नका. चांगले रॉड माशाने मोडण्याआधी गाडीच्या दारात मोडतात, आणि पहिला जातो तो टोकाचा तुकडा. अधूनमधून कड्यांच्या आतून कापसाचा बोळा फिरवून बघते. कुठे धागा अडकला तर तिथल्या सिरॅमिकला चीर गेली आहे असं समजायचं. ती चीर ब्रेडेड (बारीक धाग्यांची विणलेली) लाइन कापत राहते आणि दोष मात्र लाइनीला लागतो. आणखी एक गोष्ट: कार्बनमधून वीज वाहते. ढगांचा गडगडाट ऐकू आला की रॉड खाली ठेवून पाण्यापासून दूर जायचं. मासे त्याच वेळी लागत असले तरीही.

रीलवर बेअरिंग किती आहेत हे खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. मला उपयोग झाला तो ड्रॅगचा, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाइन रोखून धरत सोडणाऱ्या ब्रेकचा. ड्रॅग एकसारखा सुटतो का, सुरुवातीला अडखळतो का, हे दुकानातच हाताने ओढून बघता येतं. तो लाइनीच्या सर्वांत कमकुवत भागाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतका लावतात. माझा लीडर (लाइनीच्या टोकाला जोडलेला वेगळा तुकडा) १५ पाउंडांचा, म्हणजे सुमारे ६.८ किलोचा, त्यामुळे ड्रॅग पावणेदोन ते सव्वादोन किलोच्या मध्ये बसतो. छोटा वजनकाटा लाइनीला बांधून ओढला की आकडा कळतो. अंदाजाने लावलेला ड्रॅग बहुधा गरजेपेक्षा घट्ट निघतो.

आता लाइन. या संचातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रीलवर २० पाउंडांची ब्रेडेड लाइन आहे. जाडीला ती साधारण ६ पाउंडांच्या नायलॉनइतकी, त्यामुळे लांब जाते, आणि ती जवळपास ताणत नाही, त्यामुळे तळाशी लागलेली हलकी टिचकीसुद्धा हातापर्यंत पोचते. नायलॉन ताणतो, पाणी पितो, ओला झाला की थोडा कमजोर होतो आणि उन्हात कडक पडतो. पण नायलॉनचा हाच ताण कधी कामाला येतो. जवळ आलेला मासा अचानक उसळी मारतो तेव्हा ब्रेडेड लाइन धक्का पचवत नाही, तो थेट गळावर किंवा गाठीवर जातो. नव्याने गरवायला लागलेल्या माणसाने नायलॉननेच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. गाठी सोप्या बसतात आणि गुंता सुटतो.

ब्रेडेड लाइन खडकाला घासली की चटकन तुटते, म्हणून पुढे फ्लोरोकार्बनचा लीडर. तो घासणं सोसतो, पाण्यात बुडतो आणि कमी दिसतो. अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, पाण्याच्या जितका जवळ तितकी लाइन कमी दिसते: पाण्याचा १.३३ आणि फ्लोरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा त्याहून जास्त. ‘अदृश्य’ हा शब्द पाकिटावर असतो, पण तो अदृश्य नाही. गढूळ पाण्यात तर हा मुद्दाच उरत नाही. तिथे मी लीडर लावते तो केवळ खडकांसाठी.

ब्रेडेड लाइन आणि लीडर जोडायला एफजी नावाची गाठ सर्वांत बारीक बसते आणि कड्यांतून सहज जाते. पण वारा सुटलेला, बोटं ओली, उजेड कमी, अशा वेळी ती बांधणं जिकिरीचं. डबल युनी गाठ थोडी जाड, पण भरवशाची. घरूनच तीन-चार लीडर कापून फोमच्या गुंडाळीवर तयार ठेवते. काठावरचा बराच वेळ वाचतो. गाठ कुठलीही असो, आवळण्यापूर्वी ती ओली करायची. कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन आणि फ्लोरोकार्बन तिथेच अशक्त होतात.

ब्रेडेड लाइनीच्या दोन गोष्टी कुणी आधी सांगत नाही. स्पूलवर (रीलच्या लाइन गुंडाळायच्या चाकावर) ती थेट गुंडाळली तर सगळी गुंडाळीच घसरून फिरते, म्हणून खाली नायलॉनचे काही वेढे द्यावे लागतात. आणि वरचा भाग विरून पांढुरका झाला की लाइन टाकून द्यायची नाही. दुसऱ्या स्पूलवर उलटी गुंडाळली की आतली न वापरलेली बाजू वर येते. माझी लाइन अशीच दुसऱ्या आयुष्यात आहे. नेहमीच्या नेलकटरने ती कापली जात नाही, नुसती चावली जाते. बारीक दाते असलेली कात्री बॅगेत हवीच. कापलेले तुकडे टाकायला झाकणाची छोटी बाटली ठेवते. काठावर पडलेल्या लाइनीत पक्ष्यांचे पाय अडकतात, आणि हे टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

डब्यात काय आहे? काही धातूचे स्पून (चमच्याच्या आकाराचे), दोन तरंगते मिनो (छोट्या माशासारखे), एक पॉपर (पृष्ठभागावर पाणी उडवणारा) आणि ५, ७ व १० ग्रॅमचे जिग हेड (वजन जोडलेले गळ). मऊ प्लास्टिकच्या लुअर त्यांच्या मूळ पाकिटातच राहतात. त्यातलं मऊ ठेवणारं द्रव्य काही कडक प्लास्टिकांना विरघळवतं. डब्यात त्या मोकळ्या ठेवल्या तर कप्प्याचा तळ चिकट होतो आणि शेजारच्या लुअरचा रंगही जातो. वापरलेली ओली लुअर डब्यात परत जात नाही. तिच्यासाठी जाळीची वेगळी थैली आहे, कारण बंद डब्यात एका गळाचा गंज सगळ्यांना लागतो.

वजनांसाठी मी हळूहळू टंगस्टनकडे वळले. शिशाची घनता ११.३, टंगस्टनची १९.३, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा तुकडा बराच लहान होतो. तो वाऱ्यात चांगला जातो आणि तळाचा दगड-वाळू हाताला स्पष्ट सांगतो. महाग आहे, आणि खडकात अडकून गेला की जीव चुटपुटतो. पण शिसं पाणपक्ष्यांच्या पोटात गेलं तर विषारी ठरतं. हंसांच्या मृत्यूंमुळेच ब्रिटनमध्ये १९८७ साली बहुतेक शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. माझ्यासाठी हे कारण पुरेसं आहे.

स्लिंग बॅगची मोठी सोय अशी की गुडघाभर पाण्यात उभं असताना ती फिरवून पोटावर आणता येते आणि काहीही खाली ठेवावं लागत नाही. सामान कसं भरायचं याचा माझा नियमही तिच्यामुळेच ठरला: मासा दोरीवर असताना लागणाऱ्या वस्तू बॅगेच्या बाहेर असल्या पाहिजेत. पक्कड कमरेला, मागे खेचणाऱ्या दोरीवर. जाळं पाठीवर, चुंबकाच्या हुकला. कात्री छातीशी. डबा, लीडर, पाणी हे आत चाललं, कारण त्यांची गरज पडते तेव्हा आपल्याला वेळ असतो. जाळं रबराचा लेप असलेलंच घ्या. गाठींच्या नायलॉन जाळ्याने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि सोडून द्यायच्या माशासाठी तो थर महत्त्वाचा. ट्रेबल हुकदेखील (तीन टोकांचे गळ) तीच जाळी पकडून बसतात. जिथे जमलं तिथे मी ट्रेबलच्या जागी एकेरी गळ लावले आहेत आणि पकडीने त्यांचे उलटे काटे दाबून टाकले आहेत.

बॅगेच्या तक्रारीही आहेत. एकाच पट्ट्यामुळे तिसऱ्या तासानंतर मान आखडते. झिपचा धातूचा सरकता भाग खाऱ्या पाण्याने हिरवा पडला. ‘वॉटरप्रूफ’ कप्प्यात शिंतोडे येत नाहीत, पण बॅग पाण्यात टेकली की आत ओल येते. फोन आणि प्रथमोपचाराचं सामान आता वेगळ्या ड्राय बॅगेत, तोंड तीनदा गुंडाळून.

पोलराइज्ड चष्मा न्यायचाच. पाण्यावरून परावर्तित होणारा उजेड मुख्यतः आडव्या दिशेने ध्रुवीकृत असतो आणि ही काच तोच अडवते, त्यामुळे बुडालेला खडक दिसतो आणि मासाही. उथळ पाण्याला तांबूस काच बरी, भर उन्हात मोकळ्या पाण्याला राखाडी. उडत्या गळापासून डोळे वाचतात ते वेगळंच.

लाइफ जॅकेटच्या बाबतीत हलकं सामान नेण्याचा नियम मी बाजूला ठेवते. हवा भरणारं जॅकेट होडीत आरामाचं, पण त्याचं सिलिंडर घट्ट बसलेलं आहे का हे दर वेळी बघावं लागतं, आणि आपोआप फुगणारं जॅकेट दमट जागी ठेवलं तर नको तेव्हा फुगू शकतं. धारदार खडकांवर मी फोमचंच घालते. फोमला भोक पडलं तरी ते तरंगतं. खडकावर उतरण्याआधी काही मिनिटं नुसत्या लाटा बघायच्या. मोठ्या लाटा गटाने येतात आणि मधल्या शांततेवर भरवसा ठेवता येत नाही.

घरी आल्यावर रॉड आणि रील नळाच्या बारीक धारेखाली धुते. जोरदार फवारा मीठ आत ढकलतो. धुताना ड्रॅग घट्ट, वाळल्यावर सैल, म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत. एवढ्या निगेवर रील आजही पहिल्या दिवसासारखं फिरतं.

हा संच लाटांच्या पलीकडे जड शिसं फेकून मोठा मासा गरवणाऱ्यांसाठी नाही. तिथे दहा-बारा फुटी रॉड आणि मोठं रील लागतं, आणि सात फुटी रॉडवर तो जोर काढू नये. होडीवरून गरवणाऱ्यालाही चार तुकड्यांची गरज नाही. एकसंध रॉड घ्यावा. पायी फिरणाऱ्याला, बसने किंवा दुचाकीवरून काठ गाठणाऱ्याला मात्र हा जोड मी बिनधास्त सुचवेन, फक्त बॅग दोन पट्ट्यांची बघा. मीही आता तशीच शोधते आहे, प्लास्टिकच्या झिपची.