बंद मागाच्या खोलीत ‘औषधी हेंप’: पैसे भरण्याआधी हे वाचा

सोलापुरात रिकाम्या खोल्यांना तोटा नाही. यंत्रमाग भंगारात गेले, शेड तशीच राहिली. पूर्व भागात कुठल्याही गल्लीत विचारा, कुणाची ना कुणाची खोली कुलूप लावून पडलेली असतेच. फसवणाऱ्यांना हे नेमकं ठाऊक आहे, म्हणून ते शेतकऱ्यांकडे जात नाहीत, खोलीवाल्यांना गाठतात.

माझ्या दाजींची अशीच खोली आहे. मी वायरिंगची कामं करतो, त्यामुळे ‘लाइटचं तू बघ, निम्मे पैसे तू घाल’ असं ठरलं. सात रस्त्याजवळच्या एका हॉलमध्ये बैठक होती. नाव ‘दहा बाय दहात आधुनिक शेती’. स्टेजवर केशर आणि अळिंबीच्या गप्पा. चहाच्या वेळी मात्र ज्यांची खोली स्वतःची आहे अशा मोजक्या लोकांना बाजूला घेतलं. तिथं निघाला खरा माल: ‘औषधी हेंप’, म्हणजे गांजाच्याच जातीचं झाड. गांजा हा शब्द त्या माणसाच्या तोंडून शेवटपर्यंत आला नाही. खोलीत रोपं वाढवायचा तंबू, दिवे, बी असं सगळं किट तो देणार, तयार माल औषध कंपनीसाठी तोच उचलणार, आणि सरकारी परवानाही तोच काढून देणार.

बोलणं पक्कं वाटतं, कारण त्यात निम्मं खरं असतं. उत्तराखंडानं २०१८ मध्ये औद्योगिक हेंपच्या लागवडीला परवानगी दिली, हे खरंच आहे. हेंपच्या बियांना खाद्यपदार्थ म्हणून २०२१ मध्ये केंद्रीय अन्न प्राधिकरणाची मान्यता मिळाली, हेही खरं. त्यानं असं एक पाकीट आणून आमच्या हातावर बिया ठेवल्या, ‘खाऊन बघा, ऑनलाइन मिळतात.’ उत्तराखंडचा एक परवानाही मोबाइलवर दाखवला. पण तिथली परवानगी तिथल्या जमिनीवर, धाग्यासाठी आणि बियांसाठी, नशेचं द्रव्य ०.३ टक्क्याच्या आत असलेल्या वाणाला आहे. सोलापुरातल्या खोलीत फुलांसाठी झाड वाढवण्याशी तिचा काडीचा संबंध नाही, हे तो सांगत नाही.

आमच्या हाती ‘परवाना’ म्हणून आला तो पाचशे रुपयांचा स्टॅम्प पेपर, नोटरीच्या शिक्क्यासह. त्यासाठी ४५ हजार. किटचे १ लाख ८५ हजार. प्रशिक्षणाचे १० हजार, वर १८ टक्के जीएसटी धरून ११,८००. पावतीवर जीएसटी नंबर मात्र नाही. पैसे दर वेळी वेगळ्या नावाच्या खात्यात भरायचे.

आता किटचं सांगतो, कारण तो माझा प्रांत. दिव्याच्या खोक्यावर १००० वॅट छापलेलं. एवढ्या दिव्यानं सव्वाचार अँपियरच्या आसपास करंट ओढायला हवा. क्लॅम्प मीटर लावला तर अर्धा अँपियरसुद्धा नाही, म्हणजे जेमतेम ११० वॅट. त्याला विचारलं तर म्हणे, ‘एलईडीत तसंच असतं, ते समतुल्य वॅट.’ स्वस्त ग्रो लाइटवर असले आकडे सर्रास छापतात. बरं, खरोखर ६०० वॅटचा दिवा असता तर? रोज अठरा तास म्हणजे पावणेअकरा युनिट, महिन्याला सव्वातीनशेच्या घरात. शिवाय एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा बेचाळीसच्या वर, त्यात बंद तंबू, म्हणजे एसी आलाच. घरगुती मीटरवर धंदा चालवला म्हणून महावितरण वीज कायद्याच्या कलम १२६ खाली वेगळी आकारणी करेल ते निराळंच. ‘महिना साठ हजार’च्या हिशोबात विजेचा रकानाच नव्हता. ज्याला खरोखर पीक काढायचंय तो आधी बिल मांडतो.

किटमध्ये कोळशाचा एक फिल्टरही होता. कशाला? वास बाहेर जाऊ नये म्हणून. माझी बहीण तिथल्या तिथे म्हणाली, ‘परवाना आहे तर वास लपवायचा कशाला?’ तो हसला. ‘ताई, शेजाऱ्यांचा उगीच गैरसमज नको.’

बी उगवलं. आधी साधी पानं, मग बोटांसारखी फाटलेली, कडेला दाते असलेली. हुबेहूब इंटरनेटवरच्या फोटोसारखी. रोज फोटो पाठवायचे, ‘आमचे तज्ज्ञ बघतील’. एक फोटो झाडाशेजारी उभं राहून, हातात आधार कार्ड धरून, ‘परवान्याच्या फाइलसाठी’. दाजींनी तोही पाठवला. पुढे शेजारच्या आक्का बहिणीकडे आल्या. विड्या वळण्यात जन्म गेलेला, डोळा तयार. तंबूची चेन उघडी होती. म्हणाल्या, ‘गोंगुरा आत कशाला लावलाय गं? उन्हात लाव की.’ एक पान तोडून तोंडात टाकलं. आंबट. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडी!

अंबाडीचं आणि गांजाचं पान लांबून सारखं दिसतं. जवळून पाहिलं तर अंबाडीची बोटं बुडाशी एकमेकांना जोडलेली असतात, गांजाची सुटी असतात.

इथवर ही नेहमीची फसवणूक वाटेल. खरा धंदा यापुढे आहे. पैसे परत मागितल्यावर त्यानं तेच फोटो दाजींना पाठवले. ‘हे कोणाला पाठवू?’ थोड्याच वेळात खाकीतल्या एकाचा व्हिडिओ कॉल: आपण अमली पदार्थ विभागातून बोलतोय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, खोलीतून हलायचं नाही, मिटवायचं तर तीन लाख. दाजींचे हात कापत होते. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार कुठल्याच कायद्यात नाही. पण अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा, १९८५ खोटा नाही. त्याच्या कलम २० खाली बेकायदा लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. झाड कुंडीत आहे की शेतात, याला अर्थ नाही. लागवडीला परवानगी सरकारच देऊ शकतं, नोटरी नव्हे. किट, करार, फोटो हे सगळं यासाठीच रचलेलं असतं, की फसलेला माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढायलाच घाबरावा.

आमच्या बाबतीत त्याचा चिक्कूपणाच आडवा आला. खरं बी दिलं असतं तर आम्ही आजही हप्ते भरत बसलो असतो. वकिलांना झाडं दाखवली. ते आधी पोट धरून हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, काही उपटू नका, चॅट पुसू नका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर पोर्टलवर तक्रार टाकली, पोलीस ठाण्यात स्टॅम्प पेपर, पावत्या आणि अंबाडीची कुंडी घेऊन गेलो. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे. एका खात्यातली थोडी रक्कम गोठवली आहे, हातात अजून काही आलेलं नाही. तक्रारीनंतर खाकीवाल्याचा फोन मात्र एकदाही आला नाही.

त्या बैठकीत आणखी बरेच जण होते. त्यांच्यापैकी कुणाच्या पाकिटात खरं बी निघालं असेल तर झाडांना हात लावण्याआधी वकील गाठा, आणि खंडणीचा एक रुपयाही देऊ नका. परवा अक्कलकोटच्या एका पाहुण्यानं पत्रक पाठवलंय: ‘खोलीत केशर, मालाची हमखास खरेदी’. फोन नंबर नवा, पण फोटोतला तंबू आमच्याच खोलीतला आहे, मागच्या भिंतीवर मीच बसवलेला स्विचबोर्ड दिसतोय. ते पत्रकही तक्रारीला जोडायला दिलं आहे.