विरजण न लावता आंबवलेली बिअर: कान्तियोंच्या सहा बाटल्या

बाटलीवरच्या Cantillon मध्ये दोन एल दिसतात म्हणून 'कँटिलॉन' म्हणावंसं वाटतं, पण ब्रसेल्समध्ये उच्चार कान्तियों. मिदी स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर, आन्डरलेख्तच्या एका साध्या गल्लीत ही ब्रुअरी आहे. 1900 साली सुरू झाली, अजून त्याच कुटुंबाकडे आहे आणि 1978 पासून ग्योझ या बिअरचं संग्रहालय म्हणून आतून बघताही येते. इथे मुळात एकच बिअर बनते, लाम्बिक. बाकीच्या बाटल्या म्हणजे तीच: कुठे नुसती मुरवलेली, कुठे वेगवेगळ्या वयाची एकत्र केलेली, कुठे फळं घातलेली. अपवाद एकच, तो पुढे येईल.

लाम्बिकला विरजण लावत नाहीत, हा तिचा सगळा कारभार. यीस्ट बाहेरून घालायचंच नाही; हवेत, छपरात, पिंपाच्या लाकडात जे काही असेल त्यानेच आंबायचं. कोकणात माडी उतरवली की मडक्यात आपसूक फसफसते, तत्त्व तेच. फक्त माडी उन्हं चढेपर्यंत आंबटढाण होते आणि इथे तीन-तीन वर्षं थांबावं लागतं.

का थांबावं लागतं हे कळलं की चव कळायला सोपी जाते. धान्यात साधारण 65 टक्के जवाचं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, आणि 35 टक्के कच्चा गहू. मॅश करताना, म्हणजे भरडलेलं धान्य गरम पाण्यात भिजवताना, मधेच गढूळ पाणी काढून वेगळं उकळतात, त्यामुळे सगळ्या पिठाची साखर होत नाही. हा कच्चेपणा मुद्दाम ठेवलेला असतो: साधं यीस्ट जे पचवू शकत नाही ते डेक्स्ट्रिन (अर्धवट फुटलेलं पीठ) पुढची काही वर्षं सावकाश काम करणाऱ्या जंतूंचा शिधा ठरतं. हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी वेलीची फुलं, दोन-तीन वर्षं जुने वापरतात, कारण ताज्याचा कडूपणा नको असतो. नको त्या जंतूंना रोखण्याचा गुण मात्र जुन्यातही उरतो. सुमारे 10,000 लिटर रस तीन-चार तास उकळून साडेसात हजारांवर आणतात आणि माळ्यावरच्या तांब्याच्या टाकीत ओततात. गुऱ्हाळावरची काहील डोळ्यांसमोर आणा, तशीच पसरट आणि उथळ, पण चौकोनी आणि अख्खी खोली व्यापणारी. रात्रभर उघड्यावर राहून रस 18 ते 20 अंशांपर्यंत निवतो. हे काम ऑक्टोबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच चालतं. त्यानंतरच्या रात्री पुरेशा गार नसतात, रस वेळेत निवत नाही आणि हवेत नासवणारे जंतू फार असतात. जाता जाता: आतली कोळिष्टकं झाडत नाहीत. फळांवर येणाऱ्या माश्या व्हिनेगर करणारे जंतू घेऊन येतात आणि कोळी त्या माश्या खातात. घरी हे कारण सांगून बघायला हरकत नाही.

पिंपात आधी साधं यीस्ट साखर संपवतं. मग पेडिओकॉकस नावाचा जंतू दुधासारखा आंबटपणा आणतो, आणि याच काळात कधीकधी बिअरला चक्क तार सुटते, तेलासारखी बुळबुळीत होते. ती ओतून न देता ठेवून देतात. काही महिन्यांनी ब्रेटानोमायसिस यीस्ट ती तार खाऊन टाकतं आणि जाताना आपला वास मागे ठेवतं. या यीस्टच्या एका जातीचं नावच ब्रुक्सेलेन्सिस आहे, याच शहरावरून.

आता गुण. दहापैकी दिलेत, 12-13 अंशांवर, बाटली उघडून दहा मिनिटांनी. किती आंबट याला गुण नाहीत. आंबट ओसरल्यावर तोंडात काय उरतं याला आहेत.

ग्योझ, 10 पैकी 9. पहिली आणि एकच बाटली घ्यायची असेल तर हीच. एक, दोन आणि तीन वर्षांची लाम्बिक एकत्र करून बाटलीत भरतात. एक वर्षाच्या बिअरमध्ये साखर शिल्लक असते, ती बाटलीत पुन्हा आंबते आणि फेस आणते. तीन वर्षांची वास आणि खोली देते. मिश्रणाचं प्रमाण दर वेळी चाखून ठरवावं लागतं, कारण कुठलीच दोन पिंपं सारखी नसतात. रंग नारिंगीकडे झुकणारा सोनेरी, किंचित धूसर. फेस भरभर चढतो आणि दोन मिनिटांत ग्लासच्या काठाशी बारीक कडं उरतं. नाक जवळ नेलं की आधी पपनसाची साल, मग सुकं गवत, आणि त्यामागे ओल्या घोंगडीचा वास. हा शेवटचा वास ज्यांना दोष वाटतो त्यांनी थोडा दम धरावा; तीच ब्रेटानोमायसिसची सही आहे. पहिला घोट नुसता आंबट लागतो, लिंबासारखा टोचणारा नव्हे, घट्ट चक्क्यासारखा. दुसऱ्याला हिरवं सफरचंद सापडतं. तिसऱ्यापासून जीभ सरावते आणि लाकडाचा तुरटपणा, गव्हाचा भरीवपणा, एकदम कोरडा, म्हणजे गोडवा अजिबात नसलेला शेवट असं एकेक उलगडतं. मत तिसऱ्या घोटानंतर बनवा. एक गुण कापला तो ताज्या बाटलीचा: भरल्यानंतर पहिल्या वर्षात ती जरा धारदार असते. लेबलावर बाटलीत भरल्याची तारीख पाहून दोन-तीन वर्षांची मिळाली तर ती उचला.

ग्रां क्र्यू ब्रुओक्सेला, 8. ही निवडक पिंपांतली तीन वर्षांची लाम्बिक, न मिसळता भरलेली. साखर संपलेली असते म्हणून बाटलीत पुन्हा आंबत नाही आणि फेस अजिबात येत नाही. खराब निघाली म्हणून परत करू नका, ती अशीच असते. बिअरपेक्षा कोरड्या शेरीच्या, त्या स्पॅनिश वाइनच्या जवळची: अक्रोड, ओलं लाकूड, थोडं मीठ आल्याचा भास. बुडबुड्यांचा आधार नसल्याने आंबटपणा सरळ समोर येतो. जेवणाआधी छोट्या ग्लासात उत्तम, अख्खी बाटली एकट्याने संपवणं मात्र कंटाळवाणं. ग्योझच्या आत काय चालतं हे शिकायला हिच्याइतकी चांगली बाटली नाही.

क्रीक, 8.5. लिटरमागे सुमारे 200 ग्रॅम आंबट चेरी, बियांसकट. साखर नाही, सरबत नाही. बाजारात क्रीक नावाने जे गोड लाल पेय सर्रास मिळतं त्याच्याशी हिचा संबंध फक्त नावाचा. ताजी असताना रंग थेट कोकमाच्या आगळासारखा आणि फेस गुलाबी. आधी फळाचं साल, मग बियांतून उतरलेला कडवट बदामाचा वास. तोच मला यातला सर्वांत चांगला भाग वाटतो. पण ही ठेवायची बाटली नाही. वर्षभरात फळ मागे हटायला लागतं, रंग विटकरी होतो आणि चार-पाच वर्षांनी उरते ती गुलाबी छटेची ग्योझ. वाईट नाही, पण तेच हवं असेल तर ग्योझ घ्यावी.

रोझे द गांब्रिनसमध्ये रास्पबेरी आहे, गुण 8. वास सहापैकी सर्वांत मोहक, बाटली उघडताच खोलीभर होतो. चव त्या मानाने हडकुळी आणि आंबट. वासावरून गोड अपेक्षा धरणारे इथे हमखास फसतात. रास्पबेरीचा वास चेरीपेक्षाही लवकर उडतो, त्यामुळे सहा-आठ महिन्यांच्या आतली असेल तरच घ्या.

इरीस, 7.5. हीच ती अपवाद. संग्रहालयाच्या विसाव्या वर्षानिमित्त 1998 मध्ये पहिल्यांदा केली. उघड्यावर निवते, पिंपात मुरते, पण गहू नाही, नुसतं माल्ट. आणि जुन्या हॉप्ससोबत ताजेही. बाटलीत भरण्याआधी पुन्हा एकदा ताजे हॉप्स पिंपात घालतात. त्यामुळे कडू आणि आंबट एकाच घोटात येतात आणि दोघांचं नेहमीच पटतं असं नाही. ताज्या बाटलीत कडूपणा वरचढ असतो, दोनेक वर्षांनी जरा मिळून येतं. आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडू बिअर पिणाऱ्याला लाम्बिककडे वळवायचं असेल तर हा पूल बरा.

फू फून, 8.5. लाम्बिकमध्ये जर्दाळू. आंबटपणा इथे सर्वांत मऊ, साल-गर दोन्ही जाणवतं आणि पिकलेल्या फळाचा वास घोट गिळल्यावरही रेंगाळतो. हिच्यामागे जगभरचे संग्राहक लागलेले असतात. चार पट भाव देऊन, कुणाच्या तळघरात पाच वर्षं पडलेली बाटली घेणं हा शुद्ध वेडेपणा: ज्या जर्दाळूसाठी पैसे मोजले तोच तोवर निघून गेलेला असतो.

दोष ओळखायला शिका, कारण उत्स्फूर्त आंबवलेल्या बिअरमध्ये, ब्रुअरी कुठलीही असो, ते येतातच. नेलपॉलिशचा वास आणि घशाला लागणारा व्हिनेगर म्हणजे पिंपात हवा शिरली. ही बाटली ठेवून सुधारत नाही. गिळल्यावर दहा-वीस सेकंदांनी शिळ्या पोळीची किंवा उंदराच्या पिंजऱ्याची आठवण करून देणारी चव आली तर तो 'माउसी' दोष. नाकाला तो कळत नाही, लाळेने आंबटपणा कमी झाल्यावरच जिभेला कळतो, आणि काहींना मुळीच कळत नाही. त्याच तारखेची दुसरी बाटली असेल तर सहा महिने ते वर्षभर विसरून जा, पुष्कळदा तो निघून जातो. कुबट पुठ्ठ्याचा वास बुचाचा, त्याला इलाज नाही.

उघडताना दोन अवजारं लागतात. वरचं पत्र्याचं झाकण ओपनरने काढलं की खाली सरळ बूच असतं, त्याला कॉर्कस्क्रू हवा. शॅम्पेनच्या बुचासारखं ते हाताने निघत नाही. बाटली आडवी ठेवलेली असेल तर आदल्या दिवशी उभी करा, गाळ तळाला बसू द्या. बूच हळू ओढा. बाटली कोमट असेल किंवा हलली असेल तर पाव बिअर टेबलावर जाते. ग्लास साधा चालतो, फक्त बर्फासारखी गार पिऊ नका. 5 अंशांवर आंबटपणा तेवढा उरतो आणि वास झोपून जातात. सोबत ब्रसेल्समध्ये पावावर ताजं मऊ चीज, वर मुळ्याच्या चकत्या आणि कांद्याची पात खातात. आपल्याकडे मीठ घातलेला चक्का आणि कोवळा मुळा हे काम चोख करतो. झणझणीत रस्सा नको, तिखटापुढे ग्योझ नुसती आंबट लागते.

भारतात आणायची तर ड्युटीशिवाय 2 लिटर मद्य आणता येतं. म्हणजे 75 सेंटिलिटरच्या दोन आणि 37.5 ची एक, एकूण 1.875 लिटर. दोन ग्योझ आणि एक लहान क्रीक असं माझं गणित. तिन्ही चेक-इन बॅगेत, प्रत्येक बाटली पायमोज्यात किंवा टॉवेलमध्ये गुंडाळून, कडेला न ठेवता मधोमध. पोचल्यावर लगेच उघडू नका, दोन आठवडे उभी ठेवून स्थिरावू द्या. मुंबई-पुण्याच्या मे महिन्यात कपाटात ठेवणं म्हणजे दाब वाढवून बिअर लवकर म्हातारी करणं. फ्रिजचा भाजीचा खालचा कप्पा त्यापेक्षा बरा, आणि पिण्याआधी तासभर बाहेर काढा.

शेवटचा बोटभर गाळ आधी ग्लासात ओतू नका. स्वच्छ बिअर संपवा, मग तो वेगळा चाखा: दाट, पिठूळ, लोणच्याच्या खाराइतका आंबट. आवडला तर प्या, नाही तर धिरड्याच्या पिठात घाला.