टेंडर डेस्कवरचा एआय सहाय्यक: आठ-नऊ महिने वापरल्यावर

आधी काम काय आहे ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीमधल्या एका मध्यम कारखान्यात मी टेंडर बघते. आमचा माल म्हणजे वितरण ट्रान्सफॉर्मर, रस्त्याकडेला खांबावर दिसतात ते. वीज कंपन्या टेंडर काढतात, पोर्टलवर दोन-अडीचशे पानांची पीडीएफ येते. ती वाचून ठरवायचं की भरायचं का, आणि भरायचं तर कशाला हो म्हणायचं आणि कुठे हात जोडायचे. मग जीटीपी, म्हणजे तांत्रिक हमीचा तक्ता, भरायचा. लॉसेस (ट्रान्सफॉर्मरमध्येच वाया जाणारी वीज) किती, तेल किती, वजन किती, तापमान किती चढेल, या सगळ्याची ती लेखी हमी असते. त्यासोबत कुठली अट मान्य ते सांगणारी कलमवार कंप्लायन्स शीट, कुठली नाही ते सांगणारी डेविएशन शीट, नमुन्याच्या चाचणीचे म्हणजे टाइप टेस्टचे रिपोर्ट, जुन्या ऑर्डरींची यादी, आणि सगळ्यात शेवटी डिजिटल सही. बडोद्यात या धंद्यातली माणसं गल्लोगल्ली भेटतात. विजेच्या मालाच्या टेस्टिंगची संस्था एर्डा 1974 पासून इथेच आहे आणि गुजरातच्या वीज कंपनीचं मुख्य ऑफिस रेसकोर्सला. तेव्हा हा रिव्ह्यू वाचून ‘हे तर आमच्याच ऑफिसातलं’ असं कुणाला वाटलं तर नवल नाही.

गेल्या दिवाळीनंतर शेठनी पाच लॉगिन घेतली. सहाय्यकाचं नाव मुद्दाम देत नाही. मधे दुसऱ्या दोन कंपन्यांचेही वापरून पाहिले, आणि खाली लिहिलंय त्यातलं बहुतेक तिघांनाही लागू पडतं. हे सगळे ज्या रचनेवर चालतात तिचं नावही ‘ट्रान्सफॉर्मर’च आहे, गूगलच्या संशोधकांनी 2017 मध्ये मांडलेली. आमच्याकडे या विनोदावर आता कुणी हसत नाही.

आधी चांगलं. पहिलं वाचन हा पठ्ठ्या फार छान करतो. टेंडरमध्ये पैसे मिळण्याच्या अटी कधीच एका जागी नसतात. थोड्या कमर्शियल भागात, थोड्या स्पेशल कंडिशनमध्ये, आणि खरी मेख कुठल्यातरी परिशिष्टाच्या तळाला. ‘पेमेंटबद्दल जिथे जिथे काही लिहिलंय ते पान नंबरासकट दे’ म्हटलं की चहा येईपर्यंत यादी तयार. किंमत-बदलाच्या कलमाचंही तसंच. तांबं, सीआरजीओ पत्रा (गाभ्याचं खास पोलाद), तेल यांचे भाव वर-खाली झाले की आमची किंमत ईमा या विद्युत उत्पादकांच्या संघटनेच्या दर महिन्याच्या आकड्यांप्रमाणे बदलते, पण कुठल्या महिन्याचा आकडा पायाभूत धरायचा आणि सूत्रात कुठल्या मालाचा किती वाटा, हे प्रत्येक खरेदीदार आपापल्या पद्धतीने लिहितो. याच खरेदीदाराचं मागचं टेंडर आणि हे टेंडर शेजारी ठेवून ‘काय बदललं’ विचारलं, तर दहातली नऊ उत्तरं बरोबर येतात. पूर्वी याच कामाला दोघं जण दोन प्रिंटआउट आणि एक फूटपट्टी घेऊन दुपारभर बसत. वर्गणीचे पैसे इथेच वसूल होतात, दुसरं काही नाही केलं तरी.

भाषेचंही कौतुक. आमची बडोद्याची मराठी म्हणजे अर्ध्या वाक्यात ‘पछी’ आणि ‘चालशे’. तशीच बोलून नोट टाकली तरी इंग्रजी पत्र नीट उतरतं. मात्र गुजरातीत शॉपफ्लोरसाठी सूचना लिहून घेतली, ती इतकी पुस्तकी निघाली की फोरमन म्हणाला, ‘बेन, हे निबंध स्पर्धेला पाठवायचं होतं का?’ तेवढं हाताने लिहिते.

आता अडचणीचं, आणि हे सविस्तर लिहिते, कारण विकणारे लोक यातलं काही बोलत नाहीत.

फेब्रुवारीतल्या एका टेंडरची गोष्ट. खरेदीदाराने तापमानवाढीची मर्यादा घातली होती: तेलाला 35 अंश, वाइंडिंगला (आतल्या तारेच्या वेटोळ्यांना) 40. सहाय्यकाला आम्ही टेंडर, आमचे जुने जीटीपी आणि डिझाइनचा गोषवारा दिला होता. त्याने कंप्लायन्स शीटमध्ये त्या कलमापुढे छान ‘मान्य’ लिहिलं. आणि जीटीपीत, तीस-चाळीस ओळी खाली, तापमानवाढ भरली 50 आणि 55. हे आकडे हवेतून आलेले नव्हते. पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या कागदांत हीच जोडी पुन्हा पुन्हा दिसते, आमच्या जुन्या फायलींतही होती. म्हणजे एका कागदावर ‘तुमची अट मान्य’, दुसऱ्या कागदावर हमी वेगळीच, आणि दोन्हीची भाषा सारखीच गुळगुळीत, सारखीच ठाम. असा कागद पोर्टलवर चढला असता तर ऑफर भाव उघडण्याआधी, टेक्निकल छाननीतच बाद. पंधरा अंशांचा फरक कागदावर लहान दिसतो; कारखान्यात त्याचा अर्थ जास्त रेडिएटर, मोठी टाकी, जादा तेल, आणि मग सगळा भावच वेगळा.

यावर मी बराच विचार केला, कारण असं पुढेही होत राहिलं, आणि नेहमी एकाच प्रकारचं. हा सहाय्यक वाक्य पुढे नेतो तो ‘इथे सहसा काय येतं’ या अंदाजाने. पत्र लिहायला ते उत्तम. पण टेंडरमध्ये जे सहसा येतं त्याने कुणाचं नुकसान होत नाही, ते आम्हाला तोंडपाठ असतं. नुकसान होतं ते अशा एका ओळीने, जी त्या खरेदीदाराने फक्त याच वेळी घातलेली असते. लेट डिलिव्हरीचा दंड आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल दहा टक्के, हे सगळीकडे असतं; एखाद्याने कमाल मर्यादाच काढून टाकली असेल तर ती ओळ कुठे आहे हे कळायला हवं. नेमकी अशीच ओळ त्याच्या सारांशात बोथट होऊन येते, कधी चक्क नेहमीच्या साच्यात दुरुस्त होऊन येते. थेट प्रश्न विचारला तर सापडते. पण प्रश्न विचारायला आधी शंका यावी लागते ना.

स्कॅन केलेले तक्ते हा दुसरा ताप. 100 केव्हीए क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरच्या लॉसेसची मर्यादा एका टेंडरमध्ये होती 50 टक्के लोडला 475 वॉट आणि पूर्ण लोडला 1650. पान जरा तिरकं स्कॅन झालेलं, त्यामुळे वाचताना ओळ घसरली आणि 63 केव्हीएचे आकडे 100 च्या नावावर आले. आकडा खोटा नाही, त्याच पानावर आहे, फक्त शेजाऱ्याचा. असली चूक नजरेला लवकर दिसत नाही. आणि कॉरिजेंडम. मूळ टेंडर आधी दिलं आणि नंतर आलेला दुरुस्तीचा कागद वेगळा जोडला, तर कधी नवीन धरतो, कधी जुनं. दोन्ही एकदमच द्यायचे आणि ‘दुरुस्ती वरचढ’ हे स्पष्ट सांगायचं, मग ठीक.

आता आमच्याकडे ठरलंय की पान नंबर आणि कलम नंबर नसेल तर तो आकडा पुढे जात नाही. जीटीपीतले आकडे डिझाइनच्या प्रोग्रॅममधूनच हाताने उतरतात, सहाय्यक त्यांना शिवत नाही. त्याचं काम त्यालाच तपासायला देत नाही; एक-दोनदा देऊन पाहिलं, ‘सगळं बरोबर आहे’ असा गोड निरोप आला. रेट शीट, ड्रॉइंग आणि कोर-वाइंडिंगचा तपशील अपलोड करायचा नाही. आपला डेटा शिकवणीला वापरला जात नाही असं बिझनेस प्लॅनच्या अटींत लिहिलेलं असलं तरीही नाही. यावर शेठ आणि मी पहिल्यांदाच एका मताचे.

वेळ वाचला का? लोक हाच प्रश्न विचारतात. एका टेंडरला लागणारा वेळ नक्की कमी झाला. पण मग शेठ म्हणाले, वेळ आहे तर जास्त टेंडर भरू. भरली. समोरच्या दहा कारखान्यांनीही तेच केलं. ऑर्डरी जेवढ्या मिळायच्या तेवढ्याच मिळतात, वाचायची पानं मात्र वाढली. बोली भरण्याआधी खरेदीदार शंका ऐकतो, त्या प्री-बिड मीटिंगचं पाहा. पूर्वी प्रत्येक बोलीदार चार-पाच नेमके प्रश्न घेऊन यायचा आणि प्रश्नावरून कळायचं की समोरच्याची गाडी कुठे अडलीये. आता प्रत्येकाकडून पानंच्या पानं प्रश्न येतात, सगळे सुबक इंग्रजीत, अर्धे तर उत्तर टेंडरमध्येच असलेले. खरेदीदाराची उत्तरंही आता तितकीच लांब आणि तितकीच सुबक. कुणी कुणासाठी लिहितंय आणि कोण वाचतंय हे एकदा कुणीतरी विचारायला हवं. ती उत्तरं आम्ही पुन्हा सहाय्यकालाच वाचायला देतो, हेही सांगून टाकते.

शेठचा मुलगा एमबीए करून आलाय. त्याचं म्हणणं, ताई, तुम्ही नॉलेज वर्कर, आता कारकुनी सुटली, फक्त विचार करा. हा शब्द पीटर ड्रकरचा, 1959 सालचा. त्याच्या डोळ्यांपुढे जीटीपी भरणारी बाई असेल असं वाटत नाही. पण मुद्दा त्या ‘फक्त’चा आहे. पूर्वी दिवसात दोन-तीन तास असे जायचे की हात चालू आणि डोकं सावलीत: टाइप करा, रिपोर्ट लावा, पानांना नंबर द्या. त्या वेळात अवघड कलम डोक्यात आपोआप मुरायचं. आता सकाळपासून संध्याकाळपर्यंत दुसऱ्याने लिहिलेलं, वरवर निर्दोष, वाचत बसायचं आणि प्रत्येक ओळीला हो किंवा नाही म्हणायचं. लिहिण्यापेक्षा हे जास्त थकवतं. पहिल्या महिन्यात मला वाटलं वयाचा परिणाम, पण पंचविशीतली मुलंही हेच म्हणतात.

आणि या मुलांचंच मला सगळ्यात जास्त वाटतं. आमच्याकडे कलाभवनमधून इलेक्ट्रिकल करून आलेली एक मुलगी आहे, हुशार, चटपटीत. 1890 साली सयाजीरावांनी हाताला काम शिकवायला काढलेली ती संस्था, आज विद्यापीठाची इंजिनिअरिंग फॅकल्टी. ही मुलगी सहाय्यकाच्या मदतीने कंप्लायन्स शीट एका दिवसात करते, जे शिकायला मला पहिलं वर्ष लागलं होतं. मार्चमध्ये टेक्निकल डिस्कशनला तिला सोबत नेलं. खरेदीदाराच्या इंजिनिअरने सहज विचारलं, ‘35 अंशांसाठी तुम्ही कूलिंग किती वाढवलं?’ शीट तिनेच केलेली, ओळ तिनेच तपासलेली, पण उत्तर तिच्याकडे नव्हतं. तिचा दोष नाही. मी तिच्या वयाची असताना तोच आकडा कागदावर लिहिताना अडायचे, उठून डिझाइनमध्ये जायचे, तिथले काका आधी चिडायचे आणि मग पेन्सिलने टाकीचं चित्र काढून समजवायचे. अडल्याशिवाय कोण उठून जातं? सहाय्यक कुणाला अडू देत नाही, रिकामी जागा दिसली की भरतो.

म्हणून आता नवीन माणसाचे पहिले काही जीटीपी सहाय्यकाशिवाय. कोरा फॉर्म, टेंडरची प्रिंट, आणि अडलं की डिझाइनमध्ये काकांच्या टेबलाशी. शेठच्या मुलाला हा वेळेचा अपव्यय वाटतो, आमचे यावर दोनदा चांगले वाद झाले. काकांना तर अजिबात आवडलेलं नाही, कारण मधे त्यांची बरीच शांतता झाली होती. तरी चालू ठेवलंय. त्या मुलीने गेल्या महिन्यात लॉसेसच्या आकड्यावरून काकांशीच हुज्जत घातली आणि तिचं बरोबर निघालं.

सहीबद्दल एक. पोर्टलवर बोली चढते ती डिजिटल सहीने, आणि माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 प्रमाणे ती सही हातच्या सहीसारखीच धरली जाते. आमच्याकडे ती टोकनची छोटी यूएसबी माझ्या ड्रॉवरमध्ये असते. सहाय्यक घेतल्यापासून ती लावण्याआधीचा माझा वेळ वाढलाय, कमी झालेला नाही. आधी मी माझं किंवा माझ्यासमोर बसून कुणी लिहिलेलं सही करायचे. कुठे कच्चं आहे ते लिहितानाच कळलेलं असायचं. आता कच्चं कुठे ते शोधावं लागतं, कारण सगळंच पक्कं दिसतं. यासाठी वेगळा अर्धा दिवस धरा असं मी शेठना लेखी दिलंय. मान्य झालाय, कुरकुरत.

घ्यावा का? तुमच्याकडे लांब कागद येत असतील आणि ते आधीपासून वाचता येणारं निदान एक माणूस असेल, तर जरूर घ्या. तसं माणूस नसेल, आणि तेच वाचवायला घेत असाल, तर पहिल्या मोठ्या टेंडरपर्यंत मजेत जाईल. माणशी महिन्याची वर्गणी डॉलरमध्ये कापली जात असेल, तर रुपया घसरला की अकाउंट्सवाले तुमच्या टेबलाशी येतील, तयारी ठेवा. मोफत आवृत्तीवर कंपनीचा कागद टाकू नका. स्कॅन सरळ करून घ्या, शक्य असेल तिथे खरेदीदाराकडून तक्ता एक्सेलमध्ये मागा. बरेचदा देतात, फक्त कुणी मागत नाही.

आमचं नूतनीकरण पुढच्या आठवड्यात आहे. पाचऐवजी तीन लॉगिन ठेवतोय: एक माझं, एक कमर्शियलचं, एक त्या मुलीचं. उरलेल्या दोन लॉगिनच्या पैशांत सपाट बेडचा चांगला स्कॅनर मागितला आहे.