अनुदान की पगार? नीट हिशोब मांडून देणारं सेतू केंद्र (४ स्टार)

सांगलीत राजवाडा चौकाच्या आसपास सेतूवाले पैशाला पासरी. मी लिहितेय ते एका बोळातल्या, झेरॉक्सच्या दुकानाला लागून असलेल्या केंद्राबद्दल. ज्यांचं संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान चालू आहे आणि कामही करायचंय, त्यांनी तिथं एकदा जाऊन याच.

माझ्या उजव्या पायाला पोलिओ, दाखल्यावर ५५ टक्के. महिन्याला २,५०० रुपये जमा व्हायचे. आधी १,५०० होते, २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी वाढले. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीवर टॅलीचं काम मिळत होतं. शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढायच्या, बिलं करायची, पगार ९,०००. घ्यावं तर अनुदानाचं काय?

आधी दुसऱ्या एका ठिकाणी विचारलं. तिथला म्हणाला, "पगार रोख घ्या की ताई, दाखल्यावर कुठं दिसतोय!" आणि कमी उत्पन्नाचा दाखला 'बसवून' द्यायचे वर पाचशे मागितले.

या केंद्रातल्या दादांनी एक पाठकोरा झेरॉक्स ओढला आणि पेनानं मधोमध रेघ मारली. डावीकडं अनुदान: वर्षाचे ३०,०००. उजवीकडं पगार: १,०८,०००. खाली लिहिलं ५०,००० आणि त्याला गोल केला. दिव्यांगांसाठी एवढीच वार्षिक मर्यादा, तीही अख्ख्या कुटुंबाची. म्हणजे महिन्याला ४,१६६, आणि त्यात आमच्या आईच्या शेवया-पापडाचे पैसेसुद्धा आले. म्हणाले, "ताई, दोन्ही घ्यायचं असेल तर मी फॉर्म भरणार नाही. उद्या तपासणी लागली तर वसुलीची नोटीस तुमच्या दारात येणार, माझ्या नाही."

तोंडावर असं बोलणारा माणूस मला आवडतो.

पुढं जे सांगितलं ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. अनुदान गेलं म्हणून सगळंच जात नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, उत्पन्नावर नसतं, ते तसंच राहतं. एसटीतली ७५ टक्के सवलत राहते. सरकारी नोकरीतलं ४ टक्के आरक्षण पगार घेतला म्हणून संपत नाही. आणि पेढीचं काम सुटलंच, तर नवा उत्पन्नाचा दाखला काढून परत अर्ज करता येतो. अर्थात परत म्हणजे तलाठ्यापासून सगळं पहिल्यापासून, आणि समितीत मंजुरी मिळेपर्यंत हात हलवत बसायचं. हेही त्यांनी लपवलं नाही.

माझा खरा राग त्या मर्यादेवर आहे. ती ओलांडली की टप्प्याटप्प्यानं कमी होणं वगैरे काही नाही, अख्खे अडीच हजार बंद. चार हजारांचं शिवणकाम मिळालं तर बाई घेईल, पाच हजारांचं आलं की नको म्हणेल. काम करू नका असं कुणी म्हणत नाही, पण थोडंसं काम करणाऱ्याचं यात नुकसानच आहे. असो. मर्यादा मुंबईत ठरते, त्यासाठी या केंद्राचा स्टार कापणं बरं नव्हे.

एक कापलाय तो पायरीसाठी. चांगली गुडघ्याएवढी उंच, धरायला कठडा नाही, आणि समोर हमखास कुणाची तरी मोटरसायकल. कॅलिपरवाला (पायाला आधाराची पट्टी लावलेला) माणूस आला की दादा अंगठ्याचं मशीन घेऊन स्वतः बाहेर येतात, हे कबूल. पण ज्यांची निम्मी गिऱ्हाइकं दिव्यांग आणि म्हातारी, त्यांनी उतार करायला काय हरकत आहे?

मी पेढीवर रुजू झाले. अनुदान बंद करायचा अर्ज दादांनीच लिहून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत, आणि तहसीलची पोच घेतल्याशिवाय हलू नका म्हणून बजावलं. बाकी कामांना पावतीवर छापलेली फी, वर चहापाणी नाही.

जाताना रेशनकार्ड, यूडीआयडी आणि आधार जोडलेल्या खात्याचं पासबुक न्या. दहावी-बारावीचा निकाल लागला की सकाळी जाऊ नका, दाखल्यांच्या पोरांची रांग बोळाच्या तोंडापर्यंत येते. संध्याकाळी गेलात तर बसून बोलायला मिळतं.