ग्लीसन नऊ, परळचं टाटा आणि आमचं पीएसएचं रजिस्टर

ज्यांच्या घरी नुकताच प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) बायोप्सीचा रिपोर्ट आलाय आणि त्यावर ग्लीसन, म्हणजे कॅन्सरच्या पेशी किती आक्रमक दिसतात तो आकडा, ८, ९ किंवा १० आहे, त्यांच्यासाठी हा अभिप्राय. परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, पण बहुतेक जण उपचार चालू असताना नाहीतर नुकते संपल्यावर लिहितात. मला त्यापुढचं सांगायचंय. आमच्या ह्यांना २०१३ साली प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तोही आक्रमक जातीचा. तेव्हा हे ६६ वर्षांचे होते. आता ७८ झाले आहेत, सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जातात आणि येताना भाजी घेऊन येतात.

रिपोर्ट असा होता: पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा आकडा, ६४, ग्लीसन ४ अधिक ५ म्हणजे ९, आणि एमआरआयमध्ये गाठ प्रोस्टेटच्या बाहेर शुक्राशयापर्यंत गेलेली. बोन स्कॅन मात्र स्वच्छ. आमच्या भागातल्या ज्या दवाखान्यात हे निघालं, तिथल्या डॉक्टरांनी थोरल्याला व्हरांड्यात घेऊन सांगितलं, "वर्ष-दोन वर्षं धरून चाला. या वयात मुंबईची दगदग कशाला करता?" त्या बोलण्याचा मला आजही राग येतो. आजार वाईट होता, कबूल. पण हाडांत गेलेला नव्हता, आणि अशा आजारावर पुरता उपचार असतो एवढं तरी सांगायला हवं होतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर शिकवलं, एका चाचणीच्या गुणांवरून कुठल्या पोराचं पुढचं सगळं ठरवलं नाही.

थोरल्याने फाईल बांधली, रात्री कराडला महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसलो, सकाळी दादर.

टाटामध्ये पहिल्यांदा जाणाऱ्याने मनाची तयारी ठेवून जावं. सगळ्या देशातून माणसं येतात, बिहार, बंगाल, आसामकडची कुटुंबं सामानासकट आलेली असतात. त्या गर्दीत आपलं दुःख एकदम लहान होतं असं काही मी म्हणणार नाही, आपलं ते आपलंच असतं. पण हे हॉस्पिटल १९४१ पासून फक्त हेच काम करतंय आणि तुमच्या माणसासारखे रुग्ण तिथले डॉक्टर रोज बघतात, हे पहिल्याच ओपीडीत कळतं. आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मग ह्यांच्याकडे तोंड करून, माझ्याकडे नाही, थोरल्याकडेही नाही, सरळ ह्यांना म्हणाले, "काका, आजार जोरकस आहे, पण एका भागात आहे. आपण बरं करायच्या हिशेबानेच उपचार करणार. मात्र दोन वर्षं माझं ऐकायचं." मी तिथेच निम्मी सावरले.

हार्मोनचं इंजेक्शन आणि रेडिएशन, असा दुहेरी उपचार ठरला. प्रोस्टेटचा कॅन्सर पुरुषाच्या शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनवर पोसतो. ते तोडलं की गाठ आक्रसते. हा शोध चार्ल्स हगिन्स या डॉक्टरांनी अमेरिकेत १९४१ मध्येच मांडला, आणि त्यासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. ऐंशी वर्षांपूर्वीची ती युक्ती आजही या उपचाराच्या मुळाशी आहे. टेस्टोस्टेरॉन बंद करायचे दोन मार्ग आम्हाला सांगितले: वृषण काढायची लहानशी शस्त्रक्रिया, जी एकदा केली की कायमची आणि स्वस्तातली, नाहीतर दर तीन महिन्यांनी सुई. दोन्हींचा गुण सारखाच, असं डॉक्टर म्हणाले. ह्यांनी सुई निवडली. आमच्याबरोबरच्या दोघा-तिघांनी खर्चाचा विचार करून शस्त्रक्रिया निवडली. त्यात कमीपणा काही नाही, हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुरुष या गोष्टीवर बोलत नाहीत आणि बायका विचारत नाहीत.

सुईची ही दोन वर्षं पुरी करणं, माझ्या मते, सगळ्यात महत्त्वाचं. रेडिएशन संपतं, माणूस हिंडा-फिरायला लागतो, पीएसए खाली येतो, आणि मग घरातलेच म्हणतात, आता कशाला पुन्हा सुई? धाकटा फार्मसी शिकलेला, त्याने तेव्हा युरोपातला एक अभ्यास वाचून दाखवला होता. ४१५ रुग्ण होते. ज्यांना नुसतं रेडिएशन दिलं त्यांच्यातले दहा वर्षांनी शंभरातले सुमारे ४० हयात होते, आणि ज्यांना जोडीला तीन वर्षं हार्मोनचं औषध दिलं त्यांच्यातले ५८. औषध तेच, यंत्रं जुन्या काळातली, तरी एवढा फरक. तो कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. सुईची तारीख आली की कंटाळा करण्याआधी तो दिसायचा.

आता शेकाबद्दल. रेडिएशनला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. ह्यांना प्रोस्टेटबरोबर ओटीपोटातल्या लसिका गाठींनाही (लिम्फ नोड्सनाही) शेक दिले, २५ बैठका, शनिवार-रविवार सोडून पाच आठवडे. गाठींना द्यायचे की नुसत्या प्रोस्टेटला, यावर तेव्हा जगभर वाद होता. पुढे याच हॉस्पिटलच्या डॉ. वेदांग मूर्ती यांच्या पथकाने २०११ ते २०१७ मधल्या २२४ रुग्णांचा अभ्यास करून २०२१ मध्ये निष्कर्ष छापला: पाच वर्षांनी पीएसए पुन्हा न चढलेले रुग्ण गाठींसकट शेक दिलेल्या गटात ९५ टक्के आणि नुसत्या प्रोस्टेटच्या गटात ८१ टक्के. जगण्या-मरण्यात त्या पाच वर्षांत ठळक फरक दिसला नाही, हेही त्यात स्वच्छ लिहिलंय. ते सगळे धोका जास्त असलेले रुग्ण होते आणि सगळ्यांना हार्मोनचे उपचार किमान दोन वर्षं दिले होते. दोन्ही गटांत पाच वर्षांनंतर नव्वदच्या वर टक्के माणसं हयात होती. परदेशातली नव्हे, आपल्या परळमधली माणसं! व्हरांड्यात ऐकलेलं "वर्ष-दोन वर्षं" एका बाजूला ठेवा आणि हे आकडे दुसऱ्या बाजूला.

शेकाच्या खोलीबाहेरचं बाकडं माझ्या डोळ्यांपुढे अजून आहे. प्रोस्टेटच्या रुग्णाचं मूत्राशय शेकाच्या वेळी भरलेलं आणि आतडं रिकामं लागतं, म्हणजे आतड्याला आणि मूत्राशयाला शेक कमी लागतो आणि नेम चुकत नाही. त्यामुळे आधी लघवीला जाऊन यायचं, मग अर्धा लिटर पाणी मोजून प्यायचं आणि नंबर येईपर्यंत धरून बसायचं. बाकड्यावर सगळे साठी-सत्तरीचे पुरुष, प्रत्येकाच्या मांडीवर बाटली. आसामच्या एका गृहस्थांना ना हिंदी धड यायची ना मराठी, पण ते घड्याळाकडे बोट करून ह्यांना पाणी प्यायची वेळ झाली हे रोज सांगायचे. टेक्निशियन मुलगी दारातून विचारायची, "काका, भरलंय ना?" आणि हे मान डोलवायचे. एकदा मूत्राशय पुरतं भरलेलं नव्हतं, तर यंत्रावरच्या स्कॅनमध्ये ते तिला दिसलं. तिने ह्यांना उठवलं, पुन्हा पाणी पाजलं, बसवलं, मगच शेक दिला. मागे रांग असताना तिने ते केलं. या सेवेला मी पूर्ण गुण देते, त्याचं एक कारण ती मुलगी आहे.

त्रासाचंही खरं लिहायला हवं. सुईमुळे अंगातून अचानक वाफा निघायच्या, भर थंडीत हे पंचा ओला करून मानेवर टाकायचे. पोट सुटलं, दंड-मांड्या उतरल्या. हाडं ठिसूळ होतात म्हणून घनता मोजली, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू झालं, आणि रोज चालायला सांगितलं. ते चालणं तेव्हापासूनचं. चिडचिड आणि उगाच डोळ्यात पाणी, हे ह्यांच्या स्वभावात कधी नव्हतं, तेही आलं. नवरा-बायकोचं नातं बदलतं. बदलतं म्हणजे तुटत नाही. एका भेटीत डॉक्टरांनी मला बाजूला न काढता दोघांना एकत्र बसवून हे सगळं औषधाने होतंय, माणूस तोच आहे, असं सांगितलं, त्याचा मला फार आधार झाला.

शेक संपल्यावर दीडेक वर्षाने शौचातून रक्त पडायला लागलं. हे घाबरून पांढरे पडले, कॅन्सर आतड्यात उतरला असंच वाटलं. इकडे एका ठिकाणी दाखवलं तर त्यांनी लगेच तुकडा काढून तपासायचं म्हटलं. मी टाटाची फाईल पुढे केली आणि आधी तिकडे विचारते म्हणाले. तिथे सांगितलं की शेकाने आतड्याचं अस्तर नाजूक झालेलं असतं, समोरच्या भिंतीचा तुकडा काढला तर जखम भरत नाही, म्हणून गरज नसताना हात लावायचा नाही. दुर्बिणीतून नुसतं बघितलं, औषध दिलं, काही महिन्यांत थांबलं. प्रोस्टेटचे शेक घेतलेल्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी आणि जिथे जाल तिथे शेक झालेत हे पहिल्यांदा सांगावं.

आता रजिस्टर. हजेरीपटासारख्या रेघा असलेली एक वही मी पहिल्या दिवसापासून ठेवली आहे: तारीख, पीएसए, सुई, वजन, शेरा. सुई चालू असताना पीएसए ०.०२ पर्यंत उतरला. सुया बंद झाल्यावर तो चढायला लागला: ०.१, मग ०.३. मी लाल पेनने लिहिलं आणि त्या रात्री झोपले नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी वही हातात घेतली आणि समजावलं. सुई थांबली की टेस्टोस्टेरॉन परत येतं आणि प्रोस्टेट जागेवरच असल्यामुळे थोडा पीएसए बनतोच. शेक घेतलेल्यांत सगळ्यात खालच्या आकड्याच्या वर २ ने चढला तरच आजार उलटला असं धरतात. आमचा खालचा ०.०२, म्हणजे दोनच्या पुढे गेला तर काळजी. त्यांनी वहीच्या वरच्या कोपऱ्यात स्वतःच्या अक्षरात "२.०२" लिहून चौकट केली. ह्यांचा आकडा ०.४ च्या आसपास येऊन थांबला तो आजतागायत तिथेच आहे. आधी तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, आता वर्षातून एकदा जातो. तपासणी नेहमी एकाच लॅबमध्ये करा, नाहीतर दशांशातल्या फरकाने उगाच जीव जातो.

खर्च आणि राहणं थोडक्यात सांगते. टाटामध्ये जनरल आणि प्रायव्हेट असे वर्ग आहेत, आम्ही जनरलमध्ये होतो. डॉक्टर तेच, यंत्रं तीच. पैसे स्मार्ट कार्डावर भरायचे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात, तेव्हा रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा आणि समाजसेवा विभागात आधी विचारा, मागाहून नको. आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. तिथली माणसं आणि परळची नाना पालकर स्मृती समिती, या दोघांचे उपकार बाहेरगावच्या कितीतरी कुटुंबांवर आहेत. रेल्वेत उपचाराला जाता-येता कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं तिकीट माफ असतं आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्याचा फॉर्म हॉस्पिटलातून सही-शिक्क्यासह घ्यावा लागतो.

ज्यांना आज हे निदान झालंय त्यांची वाट आमच्यापेक्षा सोपी आहे असं मला मनापासून वाटतं. आता प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशी शोधणारा पीएसएमए पेट स्कॅन आहे, त्यात लपलेली गाठ आधीच दिसते. टेस्टोस्टेरॉन आणखी रोखणाऱ्या अबिराटेरॉनच्या गोळ्या आहेत. धोका जास्त पण आजार न पसरलेल्या रुग्णांना त्या दोन वर्षं नेहमीच्या हार्मोन उपचाराबरोबर दिल्या, तर सहा वर्षांनी आजार न पसरता हयात असलेल्यांचं प्रमाण ६९ वरून ८२ टक्क्यांवर गेलं. २०२२ मध्ये छापून आलेला हा ब्रिटनमधला मोठा अभ्यासही धाकट्यानेच मला वाचून दाखवला. या गोळ्या आता भारतीय कंपन्याही बनवतात. सगळ्यांनाच लागतात असं नाही, पण विचारायला काय हरकत आहे?

परळ लांब पडत असेल तर टाटाचंच खारघरला केंद्र आहे, आणि राष्ट्रीय कर्करोग ग्रीडमध्ये देशातली पुष्कळ हॉस्पिटलं जोडलेली आहेत, तिथेही याच धर्तीवर उपचार होतात. कुठेही जा, पण पहिल्या भेटीला एका कागदावर प्रश्न लिहून न्या. आमच्या वेळी मी नेले होते ते हे: आजार हाडांत किंवा लसिका गाठींत गेलाय का? बरं करायच्या हिशेबाने उपचार करणार का? हार्मोन किती महिने, आणि सुई की शस्त्रक्रिया? गाठींना शेक देणार का? हाडांसाठी काय करायचं? आणि शेवटी, यांचा पीएसए किती झाला की मी तुमच्याकडे धावत यायचं? उत्तरं तिथेच बसून लिहून घ्या, आणि तुमच्या माणसाला खोलीबाहेर बसवू नका.